बोर्ड बदलून मिळाला

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत रणपिसे आडनावाची दोन कुटुंबं होती. घोटाळा नको म्हणून लोक एकांना 'बँकेतले रणपिसे' म्हणत आणि दुसऱ्यांना 'कॉम्प्युटरवाले रणपिसे'. हे दुसरे म्हणजे सुखदेव. कर्वेनगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. नोकरीखेरीज सुट्टीच्या दिवशी ते लोकांना कॉम्प्युटर जोडून देत. घरात कॉम्प्युटर येणं म्हणजे दारात गाडी येण्याइतकं मोठं होतं, त्या काळातली ही गोष्ट. सुखदेव सुटे भाग घेऊन यायचे, जमिनीवर सतरंजी अंथरून बसायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मशिन सुरू करून द्यायचे. पडद्यावर पहिली अक्षरं उमटली की घरातली माणसं टाळ्या वाजवत. पेढ्याचा पहिला घास सुखदेवना मिळे.

पुढे लॅपटॉप आले, मोबाइल आले. कोणी बोलवेनासं झालं. सुखदेव निवृत्त झाले. नाव तेवढं चिकटून राहिलं, आणि ते आपल्याला अजून शोभतं असं सुखदेवना मनापासून वाटत होतं.

त्यांची मुलगी पायल न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची. बिल्डरकडे नुसता नकाशा असतो. त्यावरून पायल फ्लॅटमधला सोफा, खिडकीतून येणारं ऊन, गॅलरीतली कुंडी, सगळं कॉम्प्युटरवर उभं करायची. खरा फोटो वाटावा इतकं हुबेहूब. हिंजवडीच्या एका ऑफिसात काही वर्षं हे काम केल्यावर कंपनीच्या बसमधल्या त्या रोजच्या खोळंब्याला कंटाळून तिनं नोकरी सोडली आणि स्वतःचं काम घरून सुरू केलं. पहिलंच मोठं काम मिळालं होतं. त्याला दणकट मशिन हवं होतं.

"पप्पा, दुकानवाले जोडून देतात. वेगळं काही घेत नाहीत," ती म्हणाली होती.

"दुकानवाले जोडत नाहीत, कोंबतात," सुखदेव म्हणाले. "मी असताना बाहेरच्या माणसाकडून जोडून आणणार तू? लोक काय म्हणतील?"

पायल हसली. "बरं बाबा, तुम्हीच जोडा."

सामान आणायला दोघं स्कूटरवरून टिळक रस्त्याच्या मागच्या एका दुकानात गेले. काउंटरवर नाजिमा नावाची पस्तिशीची बाई होती. तिनं शांतपणे एकेक वस्तू समोर मांडली, पायलच्या पन्नास शंकांना उत्तरं दिली. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती मुख्य पाटी, पांढऱ्या रंगाचा हवा असा पायलचा हट्ट होता. रंग नक्की कसा आहे ते बघू द्या, असं ती म्हणाली तेव्हा नाजिमानं खोक्याचं सील उघडून बोर्ड नुसता वर उचलून दाखवला आणि परत ठेवला. प्रोसेसरच्या जागेवर काळी प्लॅस्टिकची टोपी होती, ती तशीच होती. सुखदेवनी ती स्वतः पाहिली होती.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर सुखदेवनी हॉलमध्ये सतरंजी अंथरली. त्यांच्या पत्नी ललिताबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. त्या सोफ्यावर मेथी निवडत बसल्या. पायल खोक्यातून एकेक भाग काढून देत होती. एवढ्यात शेजारचे माधव पेपर मागायला आले आणि हा थाट बघून तिथंच खुर्ची ओढून बसले.

"अरे वा! पुन्हा दुकान मांडलं वाटतं?"

"पोरीचं काम आहे, नाही कसं म्हणणार?" सुखदेव म्हणाले. आवाजात जरा जास्तच बेफिकिरी होती.

माधव समोर असले की सुखदेवना गोष्टी सांगायचा मोह होई. कॉलेजचे प्राचार्य एकदा माउस पायानं दाबायला निघाले होते, ती गोष्ट त्यांनी काढली. बोलता बोलता प्रोसेसर बसतो त्या खाचेवरची, म्हणजे सॉकेटवरची टोपी काढली, प्रोसेसर दोन बोटांत धरला. जवळचं बघायचा चष्मा कपाळावर चढवलेला होता. तो खाली घ्यावा असं एकदा मनात आलं. पण माधव बघत होते, आणि हे काम सुखदेव रणपिसे डोळे मिटून करतात असं माधवच एकेकाळी सगळ्यांना सांगत. गोष्ट रंगात आली, हसू आलं, आणि हसता हसता प्रोसेसर बोटांतून निसटला. कोपऱ्यावर पडला. थेट सॉकेटमध्ये. टिक् असा बारीक आवाज झाला.

माधव प्राचार्यांवर हसत होते. पायल पाठमोरी होऊन पंख्याचं खोकं फोडत होती. सुखदेवनी प्रोसेसर उचलला, नीट बसवला, वरची चौकट लावून दांडी दाबली. ती दाबताना करकरते, तशी करकरली. झालं, असं ते मनाशी म्हणाले. 

जेवणं होईपर्यंत मशिन तयार झालं. कॉम्प्युटरच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये पांढरा बोर्ड छान दिसत होता. पायलनं बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले. माधवनी टाळ्या वाजवल्या.

पडदा काळाच राहिला.

"थोडं थांबा," सुखदेव म्हणाले.

थांबले. काहीच नाही. बंद करून पुन्हा लावलं. मॉनिटरची वायर काढून उलटसुलट तपासली, टीव्हीची वायर आणून लावली. मग रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग दुसरी, मग जागा बदलल्या. ग्राफिक्स कार्ड उतरवून त्याशिवाय लावून पाहिलं. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून परत बसवला. दर वेळी पंखे त्याच उत्साहानं फिरत आणि पडदा तसाच काळा. माधव पेपर घेऊन कधी उठून गेले ते कळलंही नाही.

"पप्पा, हे बघा," पायल वाकून म्हणाली. बोर्डाच्या कडेला बारीक लाल दिवा लागला होता आणि त्याखाली 'सीपीयू' अशी अक्षरं होती. "म्हणजे प्रोसेसरची भानगड आहे. तो एकदा काढून बघायचा का?"

"काही नको," सुखदेव पटकन म्हणाले. "ते दिवे वाटेल ते दाखवतात. बोर्डच खराब आलाय. हल्लीचा माल असलाच."

असं म्हणून त्यांनी स्वतः प्लग काढला. मेथी उचलून आत जाताना ललिताबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताबाई दवाखान्यात आणि पायल बिल्डरकडे गेली, तेव्हा सुखदेव कॅबिनेटसमोर बसले. या खेपेला चष्मा नाकावर होता. पंखा उतरवला, दांडी उघडली, प्रोसेसर बाजूला ठेवला आणि मोबाइलचा दिवा सॉकेटवर धरला. केसाएवढ्या बारीक सोनेरी पिना ओळीनं उभ्या होत्या, आणि एका कोपऱ्यातल्या काही एकमेकींवर रेलल्या होत्या. तिथंच पडला होता तो. शंकेला जागाच नव्हती.

त्यांनी ललिताबाईंच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली. एका पिनेजवळ नेली. सुईचं टोक थरथरत होतं. आपला हात इतका थरथरतो हे त्यांना आजवर माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि कबूल केलं नव्हतं? त्यांनी सुई परत ठेवली. सगळं होतं तसं लावलं आणि पंख्यावरचे बोटांचे डाग रुमालानं पुसले. ते पुसताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. चोरानं पुसावं तसं आपण पुसतोय.

पायल आली की सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पायल आली ती फणफणतच. बिल्डर काम लवकर मागत होता.

"पप्पा, तो बोर्ड काढा. आपण आत्ताच्या आत्ता दुकानात जाऊ. वॉरंटी कशाला असते?"

"अगं, राहू दे. मी दुसरा आणतो. कशाला त्यांच्याशी हुज्जत?"

"का म्हणून? चूक त्यांची आणि भुर्दंड आपल्याला? तुम्ही ना, फार सरळ आहात."

फार सरळ आहात, हे ऐकल्यावर तर खरं सांगणं आणखीच अवघड झालं. त्यांनी बोर्ड काढून खोक्यात घातला आणि स्कूटरवर मागे बसून ते खोकं मांडीवर धरलं. स्वारगेटच्या सिग्नलला सांगू, असं ठरवलं. सिग्नल सुटला. मग दुकानाच्या दारात सांगू असं ठरवलं.

दुकानाचे मालक विश्वजीत स्वतः काउंटरवर होते. चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी बोर्ड दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिलं आणि खोकं पुढे सरकवलं.

"पिना वाकल्यात. याला वॉरंटी नसते."

"वाकल्यात म्हणजे? आम्ही वाकवल्या?" पायलचा आवाज चढला. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"मी तसं म्हटलं नाही. बोर्ड म्हणतोय."

"हे बघा, हे माझे वडील. तुम्ही चड्डीत होता तेव्हापासून कॉम्प्युटर जोडतायत. आमच्या भागातली निम्मी मशिन्स यांनी जोडलीत. आयुष्यात यांच्या हातून एक पिन वाकलेली नाही. तुमच्याकडूनच खराब आलाय हा. आणि माझं जुनं ऑफिस सगळी खरेदी तुमच्याकडून करतं, हे लक्षात असू द्या. मी तिथं एक फोन केला ना, तर बघा!"

सुखदेव तिच्या शेजारी उभे होते.  पायलच्या दंडाला हात लावून 'चल' म्हणावं असं वाटत होतं. ते हाताची घडी घालून उभे राहिले, दुखावल्या गेलेल्या माणसासारखे.

विश्वजीत क्षणभर विचारात पडले. मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्यांनी आत हाक मारली. "नाजिमा! बाहेर या जरा."

नाजिमा हातातलं काम ठेवून आली.

"हा बोर्ड तुम्ही विकला? सील तुम्ही तोडलं?"

"हो. मॅडमना रंग बघायचा होता. त्यांच्यासमोरच उघडला."

"सॉकेटची टोपी काढली होती?"

"नाही सर. टोपीला हातच लावला नाही."

"मग पिना आपोआप वाकल्या?"

"मला काय माहीत सर? माझ्याकडून गेला तेव्हा टोपी जागेवर होती." ती पायलकडे वळली. "मॅडम, तुम्ही होता ना इथे."

पायल किंचित अडखळली. मग म्हणाली, "तुम्ही उघडलात आणि उचललात, एवढं मी पाहिलंय. टोपी काढली होती बहुतेक. हो, काढलीच होती."

तिनं असं काही पाहिलेलं नव्हतं. सुखदेवना ते पक्कं ठाऊक होतं. ती वडलांसाठी बोलत होती. त्यांच्याकडे बघून तिची खात्री पटली होती की चूक पलीकडच्या बाजूलाच असणार, आणि एकदा तसं ठरल्यावर तिला आठवणही तशीच झाली होती.

 नाजिमानं सुखदेवकडे पाहिलं.

"काका, तुम्ही तर अगदी जवळ उभे होता. तुम्हीच सांगा. घरी जोडायला घेतलं तेव्हा टोपी होती का नव्हती?"

तिच्या आवाजात ना राग होता ना विनवणी. ज्याला माहीत आहे त्याला सरळ विचारावं, तसं तिनं विचारलं होतं.

सुखदेवनी घसा साफ केला. "आता एवढं... नक्की आठवत नाही."

"बास," विश्वजीत म्हणाले. "नाजिमा, उद्यापासून तुम्ही काउंटरवर उभ्या राहू नका. आत पॅकिंगला बसा. मागेही एकदा अशी तक्रार आली होती."

"ती तक्रार माझी नव्हती सर."

"नंतर बोलू."

नाजिमा आत गेली. विश्वजीतनी कपाटातून तसाच नवा बोर्ड काढला, टोपी उचलून पिना पायलला दाखवल्या आणि खोकं तिच्या हातात दिलं. कोणी काही मागितलं नाही. बोर्ड बदलून मिळाला.

बाहेर आल्यावर पायल खुशीत होती. "पाहिलंत? जरा आवाज चढवला की सरळ येतात. उसाचा रस घेऊ या का? चला ना."

स्कूटरजवळ सुखदेव थांबले. नवं खोकं त्यांनी छातीशी धरलं होतं. रस्त्यावर एक टेम्पो उलटा घ्यायच्या नादात अडकला होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. असल्या गोंगाटात असलं काही बोलायचं नसतं, असं पुन्हा मनात आलं आणि ही आणखी एक सबब आहे हेही त्यांना कळलं.

"पायल, टोपी होती."

"काय?"

"टोपी जागेवर होती. मी स्वतः काढली, घरी. प्रोसेसर माझ्या हातून पडला. माधव आले होते ना, तेव्हा. गप्पांच्या नादात. चष्माही लावला नव्हता मी."

पायलची किल्ली स्कूटरच्या कुलुपाशीच थांबली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पडला तेव्हा वाटलं, काही झालं नसेल. आज सकाळी उघडून पाहिलं तेव्हा कळलं."

"सकाळी." तिनं तो शब्द हळूच उच्चारला. "म्हणजे आपण निघालो तेव्हा माहीत होतं. मी आत भांडत होते तेव्हा माहीत होतं. ती बाई तुमच्याकडे बघून विचारत होती, तेव्हाही."

सुखदेवनी मान हलवली.

"पप्पा, मी खोटं बोलले आत. मी म्हटलं मी पाहिलंय. मी काही पाहिलं नव्हतं."  "तुमच्यावर विश्वास होता म्हणून बोलले."

तिनं स्कूटरची किल्ली पर्समध्ये टाकली आणि वडलांकडे न बघता दुकानाकडे चालायला लागली. सुखदेव मागोमाग गेले. आपल्याच मुलीच्या मागून असं खाली मान घालून चालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

दुकानात गर्दी वाढली होती. विश्वजीत एका गिऱ्हाइकाला प्रिंटर दाखवत होते. पायलनं खोकं काउंटरवर ठेवलं आणि बाजूला सरकली. ती काही बोलणार नाही, हे सुखदेवना उमगलं. बोलायचं त्यांचं त्यांनाच होतं.

"साहेब," ते म्हणाले, "तो पहिला बोर्ड माझ्या हातून खराब झाला. प्रोसेसर पडला माझ्याकडून. तुमच्या बाईंची काही चूक नाही. टोपी होती. मला आठवत होतं. मी मघाशी खोटं बोललो."

प्रिंटर बघणारं गिऱ्हाईक प्रिंटर सोडून त्यांच्याकडे बघायला लागलं.

विश्वजीतनी हातातली वायर हळूच गुंडाळली. "म्हणजे चड्डीत असलेल्याचंच बरोबर होतं," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. आणखी अर्ध्या तासानं ते खोकं मी कंपनीला परत पाठवणार होतो."

"या बोर्डाचे पैसे आम्ही देतो," पायल म्हणाली. "आणि त्यांना जरा बोलवाल का?"

नाजिमा बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा धुतलेला होता. सुखदेव परत तेच सगळं बोलले. दुसऱ्यांदा बोलणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते जास्त अवघड गेलं, कारण आता ज्या माणसाला ऐकवायचं होतं तेच समोर होतं. शेवटी त्यांनी हात जोडले.

"हात नका जोडू काका," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे. मला बरं नाही वाटत ते." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "पण मी तुम्हालाच विचारलं होतं. मला वाटलं, मॅडम रागात आहेत, सर धंद्याचं बघणार, हे काका तेवढे खरं सांगतील."



"मलाही माफ करा," पायल म्हणाली. "मी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं म्हणाले."

"हो, तुम्ही तर पाहिलं म्हणालात," नाजिमा म्हणाली. तिनं माफ केलं असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. विश्वजीत पुटपुटले, "नाजिमा, ते पॅकिंगचं राहू द्या. इथंच थांबा." तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि बिल करायला घेतलं. बिल देताना ती पायलला नेहमीच्याच सुरात म्हणाली, "पहिल्यांदा लावाल तेव्हा पडदा बराच वेळ काळा राहील. नवी रॅम आहे, तिची ओळख पटायला वेळ लागतो. घाबरून बंद करू नका."



ललिताबाई आल्या होत्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी काय झालं असं विचारलं, आणि सुखदेवनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत ऐकत राहिल्या.

"रविवारीच तुमचं तोंड उतरलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वयाचं दुःख करताय. म्हटलं, करू द्या जरा." तव्यावरची पोळी उलटून त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे सुई चुकीची टोचली गेली तर आम्ही आधी डॉक्टरला सांगतो, मग रडतो. तुम्ही रडला पण नाहीत आणि सांगितलं पण नाहीत."

हॉलमध्ये पायलनं सतरंजी अंथरली होती. सुखदेव दारात घुटमळले. आपण आत जावं की नाही, हे त्यांना कळेना. त्या घरात कॉम्प्युटर जोडला जात असताना काय करायचं हे माहीत नसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"उभे काय राहिलात?" पायल मान वर न करता म्हणाली. "दिवा धरा."

ते खाली बसले, चष्मा लावला आणि मोबाइलचा दिवा धरला. हात थरथरायला लागला तसा त्यांनी तो दुसऱ्या हातानं मनगटाशी धरला. पायलनं ते पाहिलं. तिनं टोपी काढली, प्रोसेसर दोन्ही हातांनी कडांना धरला आणि श्वास रोखून अलगद ठेवला. सुखदेवना एकदोनदा 'असं नाही, तसं' म्हणावंसं वाटलं. ते गप्प राहिले. तिचं बरोबर चाललं होतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

लाल दिवा लागला, मग विझून शेजारचा पिवळा लागला, आणि तो तसाच राहिला. वेळ जात होता.  याही बोर्डाला आपण काही केलं का? दिवा धरताना कुठं धक्का लागला का? त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"पप्पा, थांबा. त्यांनी सांगितलंय ना."

त्यांनी हात मागे घेतला. दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. पडद्यात दोघांची तोंडं अंधुक दिसत होती. मग पायल त्या पडद्याकडे बघतच बोलली.

"पिना वाकल्या त्याचं मला काही नाही. घरी सांगितलं असतं तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि नवा आणला असता. तुमचा हात थरथरतो हे मला आधीपासून माहीत आहे. चहाचा कप ठेवता तेव्हा दिसतं. तरी मी तुम्हाला जोडायला दिलं, कारण तुम्हाला आवडतं."

सुखदेवना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आजवर जे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही कोणी त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं नव्हतं. त्यांनी मात्र त्या हातापायी एका बाईला तिच्या जागेवरून उठवलं होतं.

"मला तुम्हा दोघींसमोर तसं दिसायचं नव्हतं गं," ते म्हणाले. आणखी काही सुचलं नाही.

 पडदा उजळला, पांढरी अक्षरं उमटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पायलनं हुश्श केलं, खुर्ची ओढली आणि कामाला लागली. पुढचे काही दिवस ती घरात कामापुरतंच बोलत होती. मग हळूहळू पुन्हा नीट बोलायला लागली. पण तुम्ही फार सरळ आहात असं तिनं परत कधी म्हटलं नाही, आणि सुखदेवनीही त्याची वाट पाहिली नाही. जिन्यात माधव भेटले आणि काय झालं होतं हो मशिनला, असं विचारलं, तेव्हा सुखदेव म्हणाले, "माझ्या हातून प्रोसेसर पडला होता." माधवना हे खोटंच वाटलं. ते थट्टा समजून हसत निघून गेले, आणि हसण्यासारखं काही नाही हे सांगायला सुखदेव त्यांच्या मागे चार पायऱ्या उतरले.

महिनाभरानं ते एकटेच बसनं त्या दुकानात गेले. काही घ्यायचं नव्हतं. नाजिमा काउंटरवर आहे का, एवढंच बघायचं होतं.

ती होती. एका कॉलेजच्या पोरीला कीबोर्ड दाखवत होती. पोरगी गेल्यावर तिनं सुखदेवना ओळखलं. पण ओळखीचं हसली नाही.

"बोला काका, काय हवंय?"

"माउस," सुखदेवच्या तोंडून निघून गेलं. "साधा. वायरचा."

तिनं खोकं काढलं आणि लगेच दिलं नाही. ते उघडलं, माउस बाहेर काढून वरून, खालून दाखवला. शेजारच्या मशिनला लावला आणि पडद्यावरचा बाण फिरवून दाखवला.

"डावं बटण. उजवं बटण. चाक," ती एकेक दाबत म्हणाली. "आता तुम्ही दाबून बघा."

"तुम्ही दाखवलंत ना. ठीक आहे."

"नाही काका, तुम्ही स्वतः बघा. मी आता कोणालाच असं न बघता देत नाही."

रागानं नाही, नियम सांगावा तशी ती बोलली. मागे आणखी दोन माणसं उभी होती. सुखदेवनी हात पुढे केला. माउसवर हात ठेवला तेव्हा पडद्यावरचा बाण बारीक थरथरला, आणि तो तसा थरथरताना तिनं पाहिला. त्यांनी हात लपवला नाही. डावं बटण दाबलं, उजवं दाबलं, चाक फिरवलं.

"चालतोय," ते म्हणाले.

"मग बांधून देते," नाजिमा म्हणाली, आणि माउस खोक्यात ठेवून तिनं मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"